परसबागेचे प्रश्न: रॉक गार्डनला कड कसली घालायची?

मे महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूर बदलतो, आंब्याचा मोहर आणि तुडतुडे मागे पडतात आणि "ताई, पावसाच्या आधी काय काय करून घेऊ" सुरू होतं. यावेळी गंमत म्हणजे निम्म्याहून जास्त पत्रं एकाच गोष्टीवर आलीत, रॉक गार्डनची कड. कोणी बॉर्डर म्हणतंय कोणी एजिंग कोणी कठडा, पण दुखणं सगळ्यांचं सारखंच आहे. म्हणून अख्खा अंक त्यालाच दिलाय, कढीपत्त्यावरच्या किडीवाले पुढच्या महिन्यापर्यंत थांबा.

घरासमोर २० बाय १२ फुटांचा तुकडा आहे, खाली निव्वळ कातळ. मागच्या वर्षी त्यावर माती टाकून, मोठे दगड मांडून रॉक गार्डन केलं. जुलैपर्यंत निम्मी माती रस्त्यावर. आता कड घालायचीच आहे. दुकानदार म्हणतो रेडीमेड सिमेंटचे कर्ब घ्या, शेजारचे काका म्हणतात जांभ्याचा चिरा लावा, मुंबईचा भाऊ काळ्या लोखंडी पट्टीचे फोटो पाठवतोय. काय करू? (देवगड)

काकांचं ऐका. उत्तर एवढंच आहे, पण का ते सांगते, कारण भाऊ फोटो पाठवायचे थांबणार नाही.

ते फोटो आहेत ना, ते बहुतेक थंड आणि कमी पावसाच्या देशातले असतात. रॉक गार्डन ही मुळात तिकडचीच हौस, उंच डोंगरावरची नाजूक झाडं सपाटीवर जगवायला दगडांचे उतार रचायचे आणि पाणी चटकन निघून जाईल असं बघायचं. लंडनला वर्षभरात साधारण ६०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडे कोकणात तीन हजाराच्या आसपास, आणि तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. त्यामुळे तिकडे कड ही दिसायला असते, आपल्याकडे तिला चार महिने नोकरी करायची असते. माती धरायची आणि पाणी सोडायचं, ही दोन्ही कामं जी कड करेल ती आपली.

आता एकेक बघू. लोखंडी पट्टी देवगडला नकोच, खाऱ्या हवेत ती दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे सोडायला लागते, गॅल्व्हनाइज्ड असली तरी जिथे कापलीय तिथून गंज धरतोच आणि मग ती पातळ गंजकी धार पोरांच्या पायाच्या उंचीवर राहते. प्लास्टिकची पट्टी खुंट्या ठोकून उभी करायची असते, कातळात खुंटी कुठे ठोकणार? शिवाय उन्हाने ती ठिसूळ होते. लाकडी ओंडके, माडाचे सोट वगैरे दिसतात झकास पण वाळवीला आमंत्रणच. सिमेंटचे कर्ब वाईट नाहीत, गाडी वळते त्या बाजूला लावा हवं तर, पण लोक ते एकाला एक चिकटवून सांधे गुळगुळीत बुजवतात, मग तुमची बाग नाही, हौद होतो.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. आमच्याकडे कुडाळजवळ पहिल्या वर्षी मी स्वतः गवंड्याच्या मागे लागून कडेचे सगळे सांधे सिमेंटने बंद करून घेतले होते, मुंगी आत जाणार नाही असं काम हवं म्हणून. तो बिचारा म्हणत होता, "बाय, पाण्याक वाट ठेव, नायतर ता आपली वाट आपण काढतला." मी कसली ऐकतेय. आषाढात आत वीतभर पाणी साचलं, अडेनियमचे गड्डे दाबले तर बोट आत जात होतं, उकडलेल्या बटाट्यासारखे, आणि एका रात्री कडेचा सहा फुटांचा तुकडा बाहेरच्या बाजूला अख्खाच्या अख्खा आडवा झाला. सिमेंट इतकं पक्कं होतं की पडल्यावरसुद्धा दगड सुटे झाले नाहीत!

तर चिरा. आपला जांभा खाणीतून ओला निघतो तेव्हा मऊ असतो, सहज तासता येतो, आणि उन्हावाऱ्याला लागला की कडक होत जातो. केरळात लोक हा दगड विटेसारखा कापून घरं बांधतात हे बघून फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबाने १८०७ साली त्याला लॅटेराइट नाव दिलं, लॅटिनमध्ये वीट म्हणजे लॅटर. याचा तुम्हाला उपयोग असा की चिरा आज आणून आज लावू नका, महिनाभर तरी ऊन खाऊ दे. त्याहून उत्तम म्हणजे कोणाचं जुनं घर उतरवतायत का बघा. हाताने तासलेला, पन्नास-साठ पावसाळे खाल्लेला चिरा मिळाला तर मशीनने कापलेल्या नव्याकडे बघूसुद्धा नका, कड पहिल्या दिवसापासून तिथलीच वाटते.

किती लागतील? एक बाजू घराला लागून असेल असं धरते, म्हणजे २० अधिक १२ अधिक १२, ४४ फूट, ५२८ इंच. चिरा १४ इंच लांब धरला तर एका थराला ३८, दोन थरांना ७६, फुटतुटीचे धरून ८५ मागवा. खाणीप्रमाणे माप बदलतं म्हणून आधी एक चिरा टेपने मोजून घ्या आणि मग हिशोब करा, गाडीवाल्याच्या तोंडी मापावर जाऊ नका.

मांडायची कशी ते नीट वाचा कारण खाली कातळ असल्यामुळे तुमचं काम जरा वेगळं आहे. माती असती तर सांगितलं असतं की चर खणून पहिला थर तिसरा हिस्सा जमिनीत गाडा. कातळात ते होणार नाही. पण जांभ्याचा कातळ असेल तर टिकावाने दोन इंचाची खाच पडते, तेवढी पुरे, चिऱ्याचा पाय त्यात अडकला की तो सरकत नाही. खाच पडतच नसेल अशा ठिकाणी खाली सिमेंट-वाळूचा पातळ माल टाकून त्यावर पहिला थर बसवा. माल फक्त खाली, उभ्या सांध्यात नाही. दुसरा थर सांधा मोडून, म्हणजे खालच्या दोन चिऱ्यांच्या सांध्यावर वरचा चिरा यायला हवा, आणि किंचित आत, मातीच्या बाजूला कललेला. ओळंब्यात अगदी सरळ उभी केलेली कड पहिल्या पावसात बाहेर झुकते. हलणाऱ्या चिऱ्याखाली कपच्या ठोका. आतून, मातीला लागून वीतभर जाडीचं डबर भरा, जांभ्याचे तुकडे चालतील, त्यातून पाणी गाळून सांध्यावाटे बाहेर येतं आणि माती आत राहते. हे डबर लोक वाचवतात आणि मग म्हणतात सांध्यातून माती येते.

आणि माती कडेच्या वरच्या काठापेक्षा दोन-तीन इंच खाली ठेवा. तुमच्या पत्रात तुम्ही लिहिलंय "छान उंचवटा केला होता", तोच रस्त्यावर गेला. उंचवटा करायचा तर मधे, मोठ्या दगडांच्या आधाराने, कडेशी नाही. पहिल्या पावसाळ्यात उघड्या मातीवर माडाच्या झावळ्या अंथरा, वर एखादा दगड. दिसायला घाण दिसेल, ऑगस्टपर्यंत सोसा.

दोन थरांच्या वर जायचं असेल तर यूट्यूब बघून करू नका, गवंडी बोलवा.

कडेला पांढऱ्या संगमरवरी गोट्यांची पट्टी केली होती. एका पावसात हिरवी, दुसऱ्यात काळी आणि बाकी लाल. कशाने धुऊ? (गुहागर)

हिरवं-काळं म्हणजे शेवाळ, लाल म्हणजे आपली माती. ब्रशने घासून, उन्हात पसरून वाळवलेत तर बरेचसे उजळतील. बाथरूमचं ऍसिड मात्र अजिबात टाकू नका, संगमरवर म्हणजे चुनखडीच, ऍसिड पडलं की फसफसून दगडच झिजतो आणि खडबडीत झालेल्या दगडावर शेवाळ आणखी मजेत बसतं, झाडांचं होईल ते वेगळंच. खरं सांगू का, लाल मातीत पांढरा दगड म्हणजे पावसात पांढरं धोतर नेसून चिखलणीला जाण्यासारखं आहे. ते गोटे कुंड्यांत वर पसरा, व्हरांड्यात आत, तिथे वर्षानुवर्षं टिकतील. बाहेर काळवत्रीची खडी किंवा जांभ्याचे तुकडे. काळ्या दगडावर शेवाळ आलं तरी वाईट दिसत नाही, मला तर आवडतं.

सासूबाई म्हणतात दगड रचलेस तर फुरसं येईल, त्यापेक्षा सिमेंटची कड घाल. त्यांचं खरं आहे का, की नुसती भीती? (राजापूर तालुका)

खरं आहे. सासूबाईंना सांगा मी त्यांच्या बाजूने आहे, अर्धी तरी.

फुरसं हा विषारी साप, कातळावरचंच जनावर. लहानसं, फूट-दीड फूट, दगडाच्या रंगाचं, दिवसा दगडाखाली पडून राहतं आणि अंधार पडला की बाहेर. डिवचलं की अंगाची वळकटी करून खवले एकमेकांवर घासतं, करवतीसारखा आवाज येतो. सुट्या दगडांच्या फटी म्हणजे पाली, बेडूक, किडे यांचं घर आणि मागोमाग त्यांना खाणारे. गडगे, म्हणजे सुटे दगड रचलेले बांध, आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या आहेत पण बघा, जुन्या लोकांनी गडगा वाडीच्या हद्दीला घातला, खळ्याला, म्हणजे घरासमोरच्या अंगणाला नाही. खळं स्वच्छ सारवलेलं, मोकळं, मुंगी चालली तरी दिसेल असं. तोच हिशोब बागेला लावा.

दारापासून, पायवाटेपासून चार-पाच हातांच्या आत सुटी दगडी कड नको. तिथे चिऱ्यांच्या बाहेरच्या फटी मालाने बुजवा, पाणी जायला दर तीन-चार फुटांवर पाइपचा तुकडा बसवा आणि त्याच्या तोंडाला बारीक जाळी. लांबच्या बाजूला सुटी कड चालेल. कडेला पालापाचोळा, नारळाची सोडणं, फुटक्या कुंड्या, लाकडं यांचा ढीग घालायचा नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच कोणी पाळत नाही. दगड हलवायचा झाला तर फटीत बोटं घालून नाही, आधी काठीने ठोकून, मग पहारीने किंवा टिकावाने त्याची पलीकडची कड उचलून दगड आपल्याकडे कलवा, म्हणजे खाली काही असलं तर त्याची वाट तुमच्यापासून लांब उघडते आणि मधे दगड आडवा असतो. संध्याकाळी बागेत बॅटरी आणि पायात बूट, चपला नव्हे.

आणि चावलंच तर कापणं, चोखणं, करकचून दोरी बांधणं, मांत्रिक, यातलं काही नाही. तो हात किंवा पाय हलू न देता लगेच सरकारी दवाखाना. फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, कधीकधी हिरड्यांतून रक्त यायला काही तास लागतात, तोवर माणूस बरा वाटतो आणि घरचे घरीच बसतात. आपल्याकडची सर्पविषावरची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालते, त्यामुळे साप कुठला ते बघायला त्याला मारत बसायचं कारण नाही.

हर्णैच्या किनाऱ्यावरून गोटे आणि थोडी वाळू आणली तर कडेला छान दिसेल. चालेल? (दापोली)

नाही. किनारपट्टीच्या सीआरझेड नियमांत किनाऱ्यावरची वाळू, दगड काढायला बंदी आहे, आणि "माझी एकच गोणी" असं प्रत्येकजण म्हणतो. शिवाय समुद्राच्या वाळूतलं मीठ झाडांच्या मुळांना मारतं. समुद्राचा फील हवा असेल तर मालवणच्या रॉक गार्डनला जाऊन बसा संध्याकाळी, खडकावर लाटा फुटताना बघा, आणि घरी येऊन जांभा लावा.

यालाच जोडून एका वाचकाने विचारलंय की गावच्या सड्यावरून, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारावरून, सपाट फरश्या काढून आणू का. सड्यावर पहार लावायच्या आधी थांबा. उक्षी, बारसू, देवाचे गोठणे, कशेळी, तिकडे कुडोपी, कातळावर कोरलेली चित्रं आहेत ती अशाच "रिकाम्या" सड्यांवर आहेत, कशेळीचा हत्ती तर एवढा मोठा की जवळ उभं राहून तो हत्ती आहे हे कळतच नाही. २०२२ पासून कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. अजून किती मातीखाली झाकलेली असतील कोणास ठाऊक. आणि चित्र नसलं तरी त्याच पातळ मातीत पहिल्या पावसात दीपकाडी फुलते, पांढरीशुभ्र, आणि ती कोकणच्या सड्यांची खास, इतर कुठे जाऊन शोधू नका. दगड हवा तर परवाना असलेल्या चिरेखाणीवरून घ्या.

दगड नकोच, झाडांचीच कड केली तर? आणि लॉनमधली हरळी दगडांत घुसते तिचं काय करू? (अलिबाग)

आधी हरळीचं. ती वरूनही पळते आणि खालूनही, त्यामुळे नुसत्या कडेने ती थांबेल ही आशा सोडा. लॉन आणि कड यांच्यामधे वीतभर रुंद आणि तेवढीच खोल नाली मोकळी ठेवा, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी फावड्याच्या धारेने काठ कापा. हरळीचा दोरा मोकळ्या नालीत लोंबायला लागला की दिसतो, चिमटीत धरून ओढायचा. हे काम आजोबांना द्या, त्यांना फार आवडतं. लव्हाळ्याला मात्र हे लागू नाही, त्याच्या खाली गाठी असतात आणि त्याचं टोक प्लास्टिकचा कागदसुद्धा भोसकून वर येतं. दगडांखाली प्लास्टिक अंथरा असं कोणी सांगितलं तर पैसे वाचवा. लव्हाळा गाठीसकट उकरायचा, परत उकरायचा आणि परत उकरायचा.

झाडांची कड चालते, पण माती धरायला एकट्या झाडांवर विसंबू नका, एक थर चिरा आणि त्याला लागून आतून झाडं असं करा. रेन लिली लावा, पहिल्या सरीनंतर अख्खी ओळ एकदम फुलते आणि तिचे कांदे माती बऱ्यापैकी धरतात. जांभळ्या पोटाच्या पानांचा रिओ ऊन-सावली दोन्हीत होतो आणि काही मागत नाही. सावलीत अबोली. जिथे पाणी रेंगाळतं त्या खालच्या कोपऱ्यात वेखंड. गवती चहाचे फोटो बघून लोक कडेला लावतात आणि मग तो कंबरेएवढा होतो, मागचे दगड दिसत नाहीत, तर तो कोपऱ्यात एकच गड्डा, चहापुरता. चिनी गुलाब उन्हाळ्यात सुंदर पण आषाढात सडतो, त्याच्या काड्या मेअखेर कुंडीत काढून पागोळीच्या आत ठेवा. कोरफड आणि निवडुंग उंचवट्यावर, कडेशी नाहीत.

समुद्रासमोर घर असेल तर सदाफुली आणि घायपात खारा वारा सोसतात. घायपाताच्या टोकांचे काटे वाटेकडे येणार नाहीत असं बघा. मर्यादवेल लावू का असंही विचारलंय. वाळू धरून ठेवण्यात तिचा हात कोणी धरणार नाही, पण ती किनाऱ्यावरच शोभते. नाव मर्यादवेल असलं तरी बागेत आली की मर्यादा सोडते, दोन पावसाळ्यांत तुमच्या कडेवरून शेजाऱ्यांकडे.

आमच्या ह्यांनी जुन्या घराची कौलं आणि रिकाम्या बाटल्या जपून ठेवल्यात, त्याची कड करू म्हणतात. मला लाज वाटते. (वेंगुर्ला)

कौलांची लाज कसली! चंदिगडचं रॉक गार्डन नेक चंद यांनी फुटक्या फरश्या, बांगड्या, सिरॅमिकचे तुकडे असल्या टाकाऊ मालातूनच उभं केलं, १९७६ मध्ये ते लोकांसाठी उघडलं आणि अजून माणसं बघायला जातात. मंगळुरी कौल उभं, निम्मं जमिनीत गाडून एकाला एक लावलं की फार देखणी कड होते, खाली माती असेल तर मात्र. नळीची कौलं असतील तर आणखी छान, त्यांची अर्धगोल वळणं ओळीने आली की लाटेसारखी दिसतात. कौल पातळ असतं, जास्त माती धरणार नाही, तेव्हा चार-पाच इंचांच्या वाफ्यालाच ती वापरा आणि पाय पडेल अशा वाटेला नको.

थोडी कौलं पागोळीसाठी ठेवा. छपराचं पाणी जिथे पडतं तिथे मातीत ओळीने खड्डे पडतात बघा, मोजून मारल्यासारखे, आणि तिथलं लाल पाणी उडून भिंतीवर गुडघ्याएवढे डाग. त्या रेषेवर झाड लावायचंच नाही. फूटभर रुंदीची पट्टी आखा, दोन्ही बाजूंना उभी कौलं, मधे मुठीएवढी खडी. भिंत स्वच्छ राहते आणि बागेची घराकडची कड फुकटात होते.

बाटल्या उलट्या गाडायची कल्पना सोडून द्या, नारळ पडला तर काच होते. आणि कौलं हलवताना ह्यांना सांगा, ढीग वर्षभर पडून असेल तर आधी काठी.